पेला आधी नाकाशी

सुरेखा जाऊन महिना झाला. शेवटी काही बोलली का, असं लोक अजून विचारतात. बोलली नाही. तोंड घट्ट मिटून घेतलं तिनं, आणि बरोबरच केलं.

पनवेलबाहेर आमच्या कारखान्याची वसाहत, तिथे सुरेखा माझी शेजारीण. पिण्याचं पाणी वसाहतीच्याच तलावाचं आणि त्याची तपासणी सुरेखाकडे. उन्हाळ्यात तिथे शेवाळ माजतं आणि पाण्याला असा वास सुटतो की विचारू नका... कुबट गोणपाट आणि सडकी मासळी एकत्र. एका मे महिन्यात ती रजेवर असताना कुणी तलावाकडे फिरकलंच नाही आणि तो वास थेट नळाला आला. चहा ओतून दिला, भात टाकून दिला, अंघोळ केली तरी अंगाला घाण येतेच. वर साहेबांनी शहाणपणा करून ब्लीचिंग पावडर ओतली, तर वास आणखी भडकला. शी! त्या आठवड्यात मी दिल्या तेवढ्या शिव्या जन्मात दिल्या नसतील.

सुरेखा कामावर असली की ही वेळ यायची नाही. रोज तलावाचं पाणी आणायची, थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, उरलेलं काचेच्या चंबूत कोमट करून हुंगायची. कोमट पाणी वास लपवत नाही, म्हणायची. शेवाळ वाढतंय असं दिसलं की लगेच उपाय करायला लावायची. नाक बिघडू नये म्हणून अंगावर गजरा नाही, पावडर नाही.

पण ही सवय बाहेरही सुटेना. कुणाकडेही गेली तरी पेला आधी नाकाशी. विचुंब्याला थोरल्या जावेच्या, हिराबाईंच्या घरी, मुलीचा साखरपुडा होता. भर व्याह्यांसमोर हिनं विहिरीचं पाणी हुंगलं आणि पेला तसाच खाली ठेवला.

"आमी काय इख घातलंय त्यात?" हिराबाईंनी विचारलं.

"वास येतोय, वहिनी."

झालं. तेव्हापासून बोलणं बंद. सुरेखाच्या मनाला ते फार लागलं होतं. आजारपणातही म्हणायची, "वहिनी एकदा आल्या पाहिजेत गं."

अगदी शेवटच्या दिवशी आल्या. पिशवीत काशीहून आणलेल्या गंगाजळाचा प्लास्टिकचा कॅन. कितीतरी वर्षं खिडकीत उन्हात ठेवलेला, आतून हिरवा थर धरलेला. झाकण काढलं आणि तलावाचा तोच वास... नका देऊ, म्हटलं मी. "गंगेला कसला आलाय वास?" म्हणत त्यांनी चमचा सुरेखाच्या ओठांशी नेला. तिच्या नाकपुड्या हलल्या आणि तिनं तोंड मिटलं. माझं डोकंच फिरलं. माणूस चाललंय आणि यांचा हट्ट सुटत नाही. हिराबाई मात्र तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो चमचा स्वतःच्या नाकाशी धरला.

"हाय गो वास," त्या हळूच म्हणाल्या.

उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन नळाचं पाणी कोमट केलं, तिथेच उभ्याने हुंगलं आणि घेऊन आल्या. सुरेखानं तोंड उघडलं.

परवा मी विचुंब्याला गेले होते. हिराबाईंनी पाणी आणलं. मी हात पुढे केला, पण पेला आधी त्यांच्या नाकाशी गेला...

"पी," त्या म्हणाल्या. "वास नाय."