पंचनदरावांचं ताक

पंचनदराव मामा गेल्याचं मला केबल टीव्हीवर कळलं. साड्यांच्या दुकानाची जाहिरात, मग शाल पांघरलेले मामा, मग पुन्हा साड्या. माझ्या नवऱ्याचे हे मामा सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तंजावरातल्या आमच्या मराठी मुलांना दर रविवारी दयाळूपणा शिकवत. शोकसभेत प्रत्येकाने सांगितलं की त्यांनी एक पिढी घडवली. त्यातली एक मुलगी माझ्या घरात घडली, म्हणून हे लिहिते.

वर्ग त्यांच्या ओसरीवर भरे. मुलांना मराठी समजे, आपसात बोलत मात्र तमिळ. मामा त्यांना छापील मराठीत भूतदया समजावत आणि मुलं कंटाळून मुंग्या चिरडत बसत. चांगलं काम केलं की फ्रॉकला, सदऱ्याला कागदी चांदणी लागे. काम मामांनी पाहिलेलं असावं, एवढीच अट. माझ्या मीनूला एकही चांदणी नव्हती. ती शाळेतून येताना शेजारच्या म्हातारबाबांची घागर उचलून आत नेई, पण त्या वेळी मामा झोपलेले असत.

एका चित्तिरैच्या, म्हणजे चैत्र-वैशाखाच्या, उन्हात मामांनी रस्त्याकडेला मांडव घातला. वाटसरूंना मुलांनी ताक द्यायचं. फलकावर मामांचं नाव मोठं, ताकाचं लहान. पाहुण्यांसाठी नव्यानेच आलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या बर्फात. उद्घाटनाला कोणी मोठे साहेब येणार होते आणि मोठ्या साहेबांच्या रीतीप्रमाणे येत नव्हते. तेवढ्यात पापनाशमच्या बसमधून उतरलेली एक फुलवाली म्हातारी टोपलीसकट खांबाशी बसली... बसली कसली, कोसळलीच. मीनूने लोटा भरून तिच्या हातात दिला. "पाट्टी, कुडिंगो." आजी, प्या. म्हातारीने आमच्याकडच्या रीतीने लोटा ओठांपासून उंच धरून एक घोट घशात सोडला.

"काय गे मीने! कोण सांगितलं तुला?" मामा धावत आले. "साहेब अजून यायचेत!"

"पाट्टीला चक्कर आली, आजोबा."

"पाच मिनिटं थांबली असती तर मेली असती काय?"

त्यांनी लोटा म्हातारीच्या हातातून काढून घेतला आणि उरलेलं ताक पुन्हा रांजणात ओतलं. ओठ लागले नव्हते, म्हणजे उष्टं नाही. शास्त्र बिनचूक होतं. म्हातारी टोपली उचलून चालू लागली. मी बर्फातली एक बाटली ओढली.

"सूनबाई, ती पाहुण्यांची!"

"मग ही पाहुणीच चाललीय, मामा."

मी मागे धावले, पण तिने बाटलीकडे पाहिलंही नाही. "नको, अम्मा," म्हणाली आणि गेली.

परत आले तो साहेब पोचले होते. फोटोसाठी मामांनी मीनूच्याच हातून त्यांना लोटा देववला. साहेबांनी त्याच रांजणातल्या ताकाची चव वाखाणली, टाळ्या पडल्या, आणि मामांनी माझ्या मुलीच्या फ्रॉकला चांदणी टोचली. ती रडत नव्हती. नीट लक्ष देऊन बघत होती... वर्गात पहिल्यांदाच.

मीनू आता कॉलेजात जाते. परवा आम्ही बसमध्ये होतो. कडेवर मूल घेतलेली एक बाई शेजारी येऊन उभी राहिली. मीनू उठली, पण लगेच नाही. आधी तिने मान वळवून मागच्या बाकांवर नजर फिरवली, मग जागा दिली.

"कोणाला बघत होतीस?" मी विचारलं.

"कोणाला नाही, आई."

तिला खरंच माहीत नाही. मला आहे. त्या माणसाचं तेरावं झालं, पण तो अजून गेलेला नाही.