डोळ्यांवरचा हात

धारूरला आमच्या शेजारी राहणारे मेंढ्यांवाले काका औषधाची गोळी पाण्याशिवाय, फुटाणा खावा तशी चावून खातात. ती कितीही कडू असली तरी तोंड वाकडं करत नाहीत. सुईचं नाव काढलं की मात्र दवाखान्यातून उठून येतात. मेंढ्यांना लस टोचताना ते प्रत्येकीच्या डोळ्यांवर हात ठेवतात आणि म्हणतात, “झालं माय, झालं.”

मागच्या महिन्यात काकांना पिसाळलेलं कुत्रं चावलं. काकू रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. मी कॉलेजात जातो, म्हणून मला समजावता येईल असं त्यांना वाटलं. मी त्यांच्याबरोबर घरी गेलो.

“डाक्टरला म्हनावं गोळ्या दे. धा खातो,” काका म्हणाले.

“काका, याला गोळीच न्हाई. सुई न्हाई घेतली तर मानूस वाचत न्हाई.”

“कालिजात हेच शिकवतेत का बे, मान्साला भ्या दावायचं?”

पण काकांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

दवाखान्यात नर्सबाईंनी दंड पुसताच काकांनी माझा हात ओढून स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला.

“म्हन की,” ते पुटपुटले.

मला आधी कळेना. मग मी हळूच म्हणालो, “झालं माय, झालं.” नर्सबाई हसल्या. काका हसले नाहीत.

दुसऱ्या सुईच्या दिवशी मला काकांना बोलवायला जावं लागलं नाही. ते सकाळीच आमच्या दारात उभे होते.

“चल बे. हात तेवढा धुऊन घे, मागल्या टायमाला कांदा लई झोंबला.”