न बघता सांगितलेला रंग

माझी मोठी मुलगी लहान मुलांच्या पोटाची आणि यकृताची डॉक्टर होते आहे. साडेपाच वर्षे एमबीबीएस, मग तीन वर्षे बालरोगाचं एमडी आणि आता पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दोन वर्षांची फेलोशिप. साडेदहा वर्षांचा हा हिशेब मी आमच्या गावात, झरीत, इतक्यांदा सांगितला आहे, की लोक तो माझ्याआधी म्हणून दाखवतात. ती एकतीसची आहे, लग्न नाही. माझी बहीण एकदा तिच्या तोंडावर म्हणाली, "एवढं शिकून शेवटी पोरायची शीच बघायची का गं, माय?" सगळे हसले. मीही हसलो. मोठी हसली नाही. म्हणाली, "हो आत्या. ती नीट बघणारेच कमी हायेत."

धाकटीला पालमला दिली आहे. तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे झालं. मुलगा, दोन किलो नऊशे. आमच्यात सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही. खिडकीला जाड पडदा, आत शेगडी. सकाळी न्हाऊ घालणारी बाई येते आणि तेल-हळदीनं बाळ चोळते. दुपटी तीच धुते. मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे, त्यामुळे नोंदी ठेवायची सवय. मोठीनं सांगितलं होतं की बाळाचं सगळं लिहून ठेवा. बायको दाराशी येऊन सांगायची आणि मी ओसरीवर बसून वहीत लिहायचो. दूध किती वेळा, लघवी किती वेळा, शी किती वेळा, दर आठवड्याला वजन. एकही दिवस चुकला नाही.

सव्विसाव्या दिवशी मोठीचा फोन आला.

"अप्पा, बाळाचे डोळे पिवळे दिसायलेत म्हणे. आई म्हणत होती."

"हळदीचं असंल. रोज चोळायलेत."

"डोळ्यात हळद जाती का, अप्पा? बरं, शी किती वेळा?"

"पाच. काल सहा."

"लघवी?"

"नऊ."

"वजन?"

"तीन किलो सहाशे चाळीस."

"छान. आणि शीचा रंग?"

रंग वहीत नव्हता. बहीण शेजारी शेंगा निवडत बसली होती. ती म्हणाली, "आला का तिच्या कॉलेजचा विषय?" मला लाज वाटली. बायकोला हाक मारून विचारायला दहा पावलांवर दार होतं. मी गेलो नाही.

"पिवळीच हाय," मी म्हणालो. "लेकराची असती तशी."

"नक्की?"

"नक्की."

"मग काळजी नाही," ती म्हणाली आणि वॉर्डात निघून गेली.

मी आयुष्यात काट्यावर एक किलो इकडचा तिकडे केलेला नाही. सरपंचाची गाडी असो की वाटेकऱ्याची, जे दिसलं ते लिहिलं. त्या दिवशी न बघता सांगितलं.

शी पांढरट होती. भिजवलेल्या चुन्यासारखी, पहिल्या पंधरवड्यापासून. न्हाऊ घालणारी बाई ते रोज बघत होती. तिच्या मते आईचं दूध निवळ असलं की शी पांढरी होते, चांगलं लक्षण. बायकोनंही तेच मानलं. बाळ तर गुटगुटीत होतं. सव्वा महिन्यानं मी त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, तेव्हा मला फक्त वजन जाणवलं.

दीड महिन्याची लस लांबली होती, तिच्यासाठी एकाहत्तराव्या दिवशी नेलं. नर्सनं डोळ्याची पापणी खाली ओढली आणि विचारलं, "शीचा रंग कसा हाय?" धाकटी म्हणाली, "पांढरा." नर्सनं सुई खाली ठेवली. तिथूनच धाकटीनं दुपट्याचा फोटो मोठीला पाठवला. मोठीचा फोन मला आला. आवाज अगदी शांत होता. "अप्पा, आज रात्रीच्या गाडीनं निघा. कपडे घेत बसू नका."

काही मुलांची यकृतातून पित्त आतड्यात आणणारी नळी जन्मतः किंवा जन्मानंतर लगेच बंद होत जाते. पित्त आत साठतं आणि यकृत सडवतं. पित्त उतरत नाही म्हणून शीला रंग नसतो. ऑपरेशन करून वाट काढता येते, पण ते साठ दिवसांच्या आत झालं तर बरं. पुढे एकेक दिवस महाग. हे सगळं मला मोठीनं नाही, तिच्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलानं सांगितलं. सव्विसाव्या दिवशी आमच्या हातात चौतीस दिवस होते. आम्ही पोहोचलो तेव्हा बहात्तरावा चालू होता.

तिथली रीत अशी, की शिकणाऱ्या डॉक्टरनं रोज सकाळी खाटेपाशी उभं राहून रुग्णाची सगळी हकिगत त्यांच्या मोठ्या मॅडमना ऐकवायची. ज्याच्या पाळीत रुग्ण आला, त्याची ती केस. आमचं बाळ मोठीच्या पाळीत आलं. नातं सांगून तिनं केस दुसऱ्याला देण्याची परवानगी मागितली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, "आजाराला तुमचं नातं माहीत नाही."

राउंडच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढतात. मॅडमनी मला थांबवून घेतलं. त्या एरवी इंग्रजीत बोलायच्या, माझ्यासाठी मराठीत बोलल्या.

"माहिती कोणी दिली?"

"आईच्या वडिलांनी," मोठी म्हणाली.

"माहिती देणाऱ्याबद्दल कागदावर काय लिहिलंय?"

"विश्वासार्ह."

"सव्विसाव्या दिवशी कावीळ तुम्हाला कळली होती. शीचा फोटो मागवला?"

"नाही, मॅडम."

"ओपीडीत परक्या माणसाकडून मागवता?"

"दर वेळी."

"मग इथं का नाही?"

सहा शिकणारे डॉक्टर, दोन नर्सेस आणि खाटेवर मांडी घालून बसलेली धाकटी. मोठी माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही.

"वडील आकड्यात चुकत नाहीत, मॅडम."

"रंग हा आकडा आहे का?"

"नाही, मॅडम."

"तो शब्द खोडा."

मोठीनं खिशातलं पेन काढलं, माझ्यासमोर त्या शब्दावर रेघ मारली आणि बाजूला सही केली. खाडाखोड केली की सही करावी लागते. मॅडम पुढच्या खाटेकडे गेल्या, त्यांच्यामागे बाकीचे. धाकटीनं मला विचारलं, "अप्पा, ताईनं तुमाला इचारलं होतं?" मी हो म्हणालो. त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

एकोणऐंशीव्या दिवशी ऑपरेशन झालं. मग वाट बघायची होती ती एकाच गोष्टीची. पित्त वाहू लागलं तर शीला रंग येणार. आता प्रत्येक दुपटं मी स्वतः उघडायचो. खिडकीशी नेऊन उजेडात बघायचो, फोटो काढायचो, मोठीला पाठवायचो. तिचं उत्तर एका शब्दाचं यायचं. पांढरी. पांढरी. एकदा, फिकट पिवळी. त्या दिवशी विहीणबाईंना पालमला फोन करून मी सांगितलं की फरक पडायलाय. त्या म्हणाल्या, "तुमी बघून सांगायलाव न्हवं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरी.

चौथ्या आठवड्यात रक्ताचे आकडे चढले. वाईट बातमी सांगणं हाही त्यांच्या शिक्षणाचा भाग असतो. सांगणारा सांगतो, वरिष्ठ मागे उभे राहून बघतात आणि नंतर चुका काढतात. मॅडम मागे उभ्या राहिल्या. मोठी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून धाकटीला म्हणाली, "ऑपरेशननं पित्त सुरू झालं नाही. यकृत आणखी खराब व्हायलंय. त्याला दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा लावावा लागंल. नाही लावला, तर पहिला वाढदिवस होणं अवघड हाय."

धाकटी बाळाच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आईशी उभं राहून बोलायचं नाही. बसायचं. डोळे एका पातळीवर हवेत. पुन्हा सांगा."

मला वाटलं, मोठी आता काहीतरी बोलेल. तिनं "हो मॅडम" म्हटलं, स्टूल ओढलं, बहिणीसमोर बसली आणि पहिल्या वाक्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. यावेळी शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला.

मी म्हणालो, "माझा तुकडा घ्या."

"वय?" मॅडमनी विचारलं.

"छप्पन्न."

"पन्नासच्या वर आम्ही घेत नाही."

धाकटी म्हणाली, "ताई, माझं चालंल का गं?"

मोठीनं फॉर्म काढला. "रक्तगट?"

"तुला म्हाईत न्हाई का?"

"मला माहीतंय. पण रिपोर्ट बघितल्याशिवाय मी लिहिणार नाही." तिनं ती जागा कोरी सोडली आणि नर्सला सुई आणायला सांगितली.