मांगोंदायांचे भाले

आमच्या शेजारचे मांगोंदाया बापा लानाओ सरोवरात उतारूंची होडी चालवायचे. वयानं वडील माणसाला आम्ही बापा म्हणतो, बाईला बाबो. गावोगाव होडी लागे, आणि बापांची नजर लोकांच्या परसात फिरे. कुठे जुन्या भाल्यावर घेवड्याचा वेल चढवलेला, कुठे भाल्याचीच कपडे वाळत घालायची काठी झालेली. बापा बदल्यात नवा बांबू देत, वर वाळवलेली मासळी, आणि भाला घरी आणत.

"आणली आणखी एक काठी!" त्यांच्या पत्नी, बाबो नोरानिया म्हणत. "आता झोपायचं कुठे, भिंतीला टेकून?"

पातं चाचपून बापा सांगत, हा आमचा मारानाओंचा, हा सुलू बेटांवरचा. पुढे साखरेच्या आजारानं त्यांची दृष्टी गेली. होडी विकली. भाल्यांच्या भिंतीकडे तोंड करून ते बसून राहत.

सरोवरकाठच्या मारावी शहरात लढाई झाली, त्यानंतर एक दिवस सारिपा नावाची बाई एक भाला घेऊन बापांकडे आली. मी तेव्हा तिथेच कॉफी पीत होते. तिच्या जळलेल्या घराच्या ढिगाऱ्यापाशी शेजाऱ्याला तो सापडला होता.

"आजोबांना त्यांच्या सासऱ्यांनी तुगाया गावाहून भाला आणून दिला होता," ती म्हणाली. "हा तोच असेल तर ठेवीन. दुसऱ्याचा मला नको."

बापांनी पात्यावरून बोटं फिरवली. "पातं सुलूचं आहे, पोरी. तुमचा नसावा."

तिनं मान खाली घातली.

तेवढ्यात बाबो चुलीपासून उठून आल्या. हात पुसून त्यांनी दांड्याच्या गळ्याचं पितळी कडं उजेडात धरलं. "पातं कुठूनही येईल हो, व्यापारी आणतात. हे कडं तुगायाचं. ही नेच्याची वेलबुट्टी बघा, शेवटचा वळसा उलटा फिरलाय. माझे वडील डावखुरे. मेणाच्या साच्यावर हा वळसा त्यांचा नेहमी असाच यायचा."

सारिपानं भाला छातीशी घेतला आणि रडू लागली. बाबोंनी तिला भात वाढला. तोंडी लावायचा तिखट पालापा जरा जास्तच वाढला, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणी विचारणार नाही.

ती गेल्यावर बापा म्हणाले, "तू ओताऱ्यांच्या घरची! एवढ्या वर्षांत कड्यांबद्दल कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? मी काय पाहुणी होते, आपणहून ओळख करून द्यायला?"

बापा मोठ्यानं हसले. दृष्टी गेल्यापासून त्यांचं हसू आम्ही ऐकलंच नव्हतं. मग हात पुढे करून ते म्हणाले, "चल, पहिल्यापासून सगळे दाखव मला."

तेव्हापासून रोज दुपारी दोघं भिंतीशी बसू लागली. ते पातं चाचपायचे, त्या कडं वाचायच्या, आणि दोघांचं जमलं नाही की भांडण आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायचं. कितीतरी भाले मूळचे कुठले, हे त्यांनी नव्यानं ठरवलं. लांबून लोक आपापले भाले ओळखायला घेऊन येत. कुणी बापांचे आभार मानू लागलं की ते थांबवत.

"माझे नका मानू. आत जा, ती भाजी चिरतेय."

बापा जाईपर्यंत त्यांचं हे असंच चाललं. बाबो अजून दुपारी तिथेच बसतात. परवा मला म्हणाल्या, "माणूस आंधळा झाला आणि मग कुठे त्याला मी दिसायला लागले गं. अल्लाची मेहेरबानीच म्हणायची."