एका स्पेसमुळे अडलेला आईचा धवला

मागच्या मंगळवारी दुपारपर्यंत मी सुकापूरच्या माझ्या फ्लॅटवर कुणाशी एक शब्दही बोललो नव्हतो. काम घरूनच, ऑफिसचं सगळं चॅटवर... दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून जातो.

आणि समोर लॅपटॉपवर सलग चौथ्या दिवशी तीच लाल ओळ. बिल्ड फेल्ड.

माझी आई गव्हाणची धवलारीण होती. म्हणजे आमच्या आगरी लग्नांत धवला, ही विधींची गाणी, गाणारी. आसपासच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. शेवटच्या वर्षी ती माझ्याकडे राहायला होती, तेव्हा एकदा किचनमध्ये बसवून मी तिचा धवला मोबाईलवर रेकॉर्ड केला. चाळीस मिनिटं... पण डोक्यावर पंखा चालू. त्याची घरघर आईच्या आवाजापेक्षा मोठी.

आता रविवारी ताईच्या मुलीची हळद होती, आणि हळदीला आजीचाच धवला लावायचा असं मुलीनं ठरवलं होतं. ताईचा रोज संध्याकाळी फोन. "आरं, झाला का नाय साफ? पोरगी इचारते."

"होतंय गं," मी म्हणायचो. होत काहीच नव्हतं.

घरघर काढणारं एक सॉफ्टवेअर होतं, पण त्याची तयार आवृत्ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालत नव्हती. ते मशीनवरच बिल्ड करून, म्हणजे मूळ कोडपासून तयार करून घ्यावं लागणार होतं. त्यासाठी लागणाऱ्या सगळ्या गोष्टी एक पॅकेज मॅनेजर आणून जोडून देतो. तो जगभरातले स्वयंसेवक मिळून चालवतात, पगार नाही की काही नाही. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, म्हणून मी तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आईच्या रेकॉर्डिंगच्याच फोल्डरमध्ये टाकला होता.

सगळं काढून पुन्हा टाकलं, तीनदा. शेवटी वैतागून त्यांच्या पानावर तक्रार लिहिली. जरा तिखटच. चार दिवस वाया गेले, तुमचं काही चालत नाही, वगैरे.

तासाभरात एका स्वयंसेवकाचं इंग्रजीत उत्तर आलं. दोनच ओळी. 'शेवटची एरर वाचू नका, पहिली वाचा. पूर्ण लॉग इथे टाका.'

राग आला... पण टाकला. लॉग म्हणजे मशीननं काय काय केलं त्याची नोंद, हजारभर ओळी होत्या. मग स्वतःही वरून वाचायला लागलो आणि एका ओळीवर थांबलो. कॉम्प्युटर म्हणत होता, 'आईचा' नावाचं काहीच सापडत नाही.

फोल्डरचं नाव मी 'आईचा आवाज' ठेवलं होतं. मधल्या स्पेसपाशी नाव तुटलं होतं, आणि ते बिचारं मशीन चार दिवस नुसतं 'आईचा' शोधत होतं... आई जाऊन अकरा महिने झाले. स्मशानातही मी रडलो नव्हतो. त्या ओळीपुढे रडलो.

डोळे पुसेपर्यंत त्याचं दुसरं उत्तर आलं होतं. 'नावातली स्पेस काढा, अक्षरं इंग्रजी ठेवा, पुन्हा इन्स्टॉल करा.' आणि खाली एक वेगळी ओळ. 'ही कुठली भाषा? या नावाचा अर्थ काय?'

तेरावं झालं, माणसं आपापल्या घरी गेली. त्यानंतर मला आईबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहीत सुटलो... पंखा, धवला, हळद, सगळं. पाठवल्यावर लाज वाटली. अनोळखी माणसाला एवढं कशाला सांगायचं?

मग फोल्डरचं नाव बदललं, पुन्हा इन्स्टॉल केलं. पाऊण तास बिल्ड चाललं. या वेळी लाल ओळ आली नाही. तसं त्याला कळवलं.

त्याचं शेवटचं उत्तर असं होतं. 'माझी आई कणीक मळताना गायची. आमच्याकडे रेकॉर्डिंग नाही. तुम्ही लग्नात मोठ्यानं लावा.' आणि काम झालं म्हणून त्यानं माझी तक्रार बंद करून टाकली.

रविवारी गव्हाणला मांडवात स्पीकर लावला. घरघर पूर्ण गेली नव्हती, पण आई स्वच्छ ऐकू येत होती. पहिल्या दोन ओळी एकटी आईच गात होती. मग आमची थोरली काकू हळूच मागे म्हणायला लागली, मग बाकीच्या बायका.

मध्येच रेकॉर्डिंगमध्ये आई थांबली. तिला पुढची ओळ आठवेना. मी विसरूनच गेलो होतो की ती तिथे अडली होती.

"आगो, इसरलीस ना?" काकू स्पीकरकडे बघून म्हणाली, आणि तिनं पुढची ओळ गाऊन सांगितली. काकूची ओळ संपते न संपते तोच आईला आठवलं. तीच ओळ आईनं उचलली... ताईनं माझा हात घट्ट धरला. हळद लागलेली भाची हसत होती आणि तिच्या गालांवरून पिवळं पाणी वाहत होतं.

सोमवारी परत सुकापूर. परत तोच शांत फ्लॅट. मांडवात काय झालं ते त्या बंद झालेल्या तक्रारीखाली लिहून ठेवलंय. त्यानं वाचलं की नाही, माहीत नाही. त्याला चेहरा नाही, नावही टोपणनाव.

पण आता दुपारचा चहा घेऊन मी त्याच पानावर बसतो. काल कुठल्यातरी देशातला एक जण अडला होता, त्याचा अख्खा लॉग वाचला. अनोळखी माणसाच्या हजार ओळी वाचणाऱ्याचे आभार कसे मानतात ते मला कळलं नाही... म्हणून मी दुसऱ्या कुणाच्या तरी वाचायला घेतल्या.