शालननं लिहून दिलेला कागद

शालन सोनुलेला मी पहिल्यांदा बघितलं ते भांडताना. कसबा बावड्याच्या पुढं, उसाच्या रानाला लागून आमची 'निवांत' नावाची ज्येष्ठांची वसाहत आहे. एस.टी.च्या वर्कशॉपमधून मी निवृत्त झालो, बायको गेली, मुलगी पुण्यात. म्हणून इथं खोली घेतली. पहिल्याच दिवशी भोजनगृहाच्या दारात आवाज ऐकला, "ही दोडकी परत घिऊन जावा पावणं! निबार झाल्यात. माझी माणसं दातानं न्हाय, हिरडीनं खात्यात!"

'माझी माणसं' म्हणजे आम्ही एकतीस म्हातारे.

शालन स्वयंपाकघराची प्रमुख होती. वय पन्नाशीच्या आतबाहेर, घर बावड्यातच. नवरा दादासो साखर कारखान्यात कामाला, एकच मुलगी, श्रुती. सकाळी सहाला ती सायकलवरून यायची आणि रात्रीचं जेवण झाकून जायची. कुणाला साखर बंद, कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला भाकरी दुधात कुस्करून लागते, हे तिच्या तोंडपाठ. चारच्या चहाला आम्ही सगळे पायऱ्यांवर बसायचो. गणपतराव तलाठी मोठ्यानं पेपर वाचायचे आणि शालन चहा ओतता ओतता प्रत्येक बातमीवर आपलं मत द्यायची. वसाहतीत बऱ्याच सोयी होत्या, पण माणसं तिथं टिकून होती ती त्या तासाभरासाठी.

आमच्यात शांतव्वा नावाच्या एक लिंगायत आजी होत्या. शिरोळ तालुक्यातल्या, पार सीमेवरच्या. नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. तो गेल्यावर मुलानं, बसवेशनं, घरदार विकलं आणि तो हुबळीला नोकरीला गेला. शांतव्वांना विसर पडायला लागला होता. आधी माणसांची नावं गेली, मग मराठी गेली. उरली फक्त कानडी. आम्ही बाकीचे त्यांच्याशी हसून मान हलवायचो. शालननं मात्र दुधवाल्याकडून एकेक शब्द विचारून घेतला. "अव्वा, ऊटा?" म्हणून ताट पुढं करायची. बऱ्याच वेळा चुकायची. मग शांतव्वा खुदकन हसायच्या.

मार्च २०२० मध्ये व्यवस्थापकांनी सगळ्या कामगारांना बोलावून सांगितलं, "आत राहायचं त्यांनी आतच राहा. एकदा बाहेर गेलं की चौदा दिवस परत घेणार नाही." अकरा जणांतले तिघे राहिले. माळी, एक सफाईवाली आणि शालन. दादासो फाटकाशी तिचे कपडे घेऊन आला. ती त्याला म्हणाली, "पंध्रा दिसाचा तर प्रश्न हाय. एवढं काय तोंड पाडतायसा?"

पंधरा दिवसांचे पाच महिने झाले.

भोजनगृहाला कुलूप लागलं. डबे खोल्यांच्या दाराशी ठेवले जायला लागले. पायऱ्यांवर बसायला बंदी. पहिल्या महिन्यातच काही माणसं बोलायची थांबली. गणपतराव तर दाढीही करेनात. मग शालननं एक गोष्ट सुरू केली. चार वाजता सगळ्यांनी आपापल्या दारात खुर्ची टाकून बसायचं आणि ती तोंडाला पदर बांधून व्हरांड्यातून एकेकाला नावानं हाक मारत जायची. "गणपतराव, जिवंत हाय न्हवं?" "हाय की!" "मग दाढी करा, भूत दिसतायसा!" पलीकडून कुणीतरी हसायचं. तेवढंच.

जूनमध्ये श्रुतीचं लग्न होतं. तारीख आधीच ठरलेली. आता वीस माणसांत, विहारात लावायचं ठरलं. शालन गेली असती तर चौदा दिवस तिला आत येता आलं नसतं, आणि एकतीस माणसांचं दोन वेळचं जेवण करायला दुसरं कुणी नव्हतं. मी तिला म्हणालो, "तू जा. आम्ही खिचडी शिजवून खाऊ."

"तुमाला गॅस पेटवाय येतोय का आण्णा?" एवढंच बोलून ती पीठ मळत राहिली.

लग्न लागल्यावर नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत फाटकाशी आली. शालन आतल्या बाजूला दहा हातांवर उभी. दोघांनी बाहेरूनच वाकून नमस्कार केला. श्रुती म्हणाली, "आई, जवळ तरी ये की." शालन आली नाही. "नगं, म्हातारी माणसं हाईत," म्हणाली. मग दादासो मोठ्यानं बोलला, "ती तुझी कोण लागत्यात? आणि ही कोण लागती?" आम्ही वरच्या गॅलरीतून बघत होतो. आमच्यातल्या एकाही माणसाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

श्रुती त्यानंतर आईशी फारशी बोलली नाही. हे मला शालननंच सांगितलं, पुढं कधीतरी, ऑगस्टमध्ये ती घरी जाऊन आल्यावर.

आम्हाला वाटलं, संपलं. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि शालन पुन्हा आत राहायला आली. या वेळी रोग भिंतीच्या आत आला. कसा आला, कळलं नाही. पहिल्यांदा गणपतरावांना ताप आला. तीन तास फोन करून एक बेड मिळाला, तोही सांगलीच्या बाजूला. ते वाटेतच गेले. आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या सात जणांना ताप. शालन प्लास्टिकचा कोट घालून दाराशी काढा, पेज ठेवत होती. चारची हाक तिनं चालू ठेवली होती. पण हाकेला उत्तर येईना, तेव्हा बंद केली.

मग शांतव्वांना ताप चढला. त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी आली ती दुपारी. सोबत कुणाला घेत नव्हते. शांतव्वा घाबरून शालनचा हात सोडेनात. शालननं माझ्याकडून वहीचा कागद मागून घेतला, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्यांच्या झंपरला पिन लावून अडकवला. मी तो वाचला होता. 'यांना मराठी कळत नाही. अव्वा म्हणून हाक मारावी. नीरू म्हणजे पाणी. बेडा म्हणजे नको. नोवू म्हणजे दुखतंय. चळी म्हणजे थंडी वाजते.' खाली तिचा फोन नंबर.

तिसऱ्या दिवशी दुपारी शालनला फोन आला. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभा होतो, तिनं स्पीकर लावला. एक नर्स बोलत होती, आवाज पार थकलेला. "कागदाचा फार उपयोग झाला मावशी. पाणी मागितलेलं कळतंय. पण सकाळपासून त्या 'मने, मने' म्हणतायत. ते कागदावर नाही."

शालन भिंतीला टेकली. "मने म्हंजी घर," ती म्हणाली.

"कुठलं घर? मी सांगते त्यांना, नेतो म्हणून."

शांतव्वांचं गावातलं घर विकलेलं. हुबळीचं त्यांनी बघितलेलं नव्हतं. आमच्या वसाहतीला त्या घर म्हणायच्या की नाही, कुणाला ठाऊक? शेवटी शालन म्हणाली, "सांगा, शालन न्याला येती म्हणून." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "सगळं लिव्हलं आण्णा. ह्यो शबुद माझ्या ध्यानातच आला न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतव्वा गेल्या. बसवेश स्वतः हुबळीत दवाखान्यात होता, त्याचा फोन लागेना. दहन करणार हे कळल्यावर शालननं शांतव्वांना नेलेल्या दवाखान्यात फोन लावला. "त्यांच्यात पुरत्यात हो. जाळू नका. बसवून पुरत्यात."

पलीकडच्या माणसानं विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मी जेवण देती," शालन म्हणाली.

तो माणूस वाईट नसावा. "मावशी, नातेवाइकाची सही लागते. आणि आज इथं जागा नाही," म्हणाला आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलेलं होतं.

त्या दोन महिन्यांत आमच्यातले नऊ जण गेले. उरलेल्यांतल्या निम्म्यांना मुलांनी घरी नेलं. पुढच्या वर्षी संस्थेनं जेवण बाहेरून मागवायचं ठरवलं. छोटा कार्यक्रम झाला. शालनला शाल, नारळ आणि 'कोविड योद्धा' लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं आणि तिचं काम संपलं. ती भाषणाला उभी राहिली, "बरं हाय, येती मी," म्हणाली आणि बसली. भोजनगृहात आता पाणी तापवायची यंत्रं ठेवली आहेत. आम्ही अकरा जण डबा आपापल्या खोलीत खातो. सवय झाली.

गेल्या दिवाळीनंतर बसनं मी तिला भेटायला गेलो. एका मंगल कार्यालयात ती चपात्या लाटायला असते. ओझ्याखाली वाकून गेलेल्या माणसासारखी दिसत होती, केस पांढरे. दादासो आजारी असतो. श्रुतीला मुलगा झालाय, त्याला तिनं दोनदाच बघितलंय. वसाहतीतलं कोण आहे, कोण नाही, तिनं विचारलं नाही. मी आपणहून सांगायला लागलो तर लाटणं जोरात फिरवायला लागली.

निघताना ती दारापर्यंत आली.

"आण्णा, राग धरू नका," ती म्हणाली, "पन परत येऊ नका. तुमास्नी बघितलं की माझा हात चालत न्हाय. दिसभर काम ऱ्हातंय."

मी बरं म्हणालो. त्यानंतर गेलो नाही.