मावशीचा सामानाचा चातुर्मास

मी आज चार माणसांत पदवीधर म्हणून उभा राहतो तो माझ्या कल्याणच्या मावशीमुळे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून मी तिची थट्टा करतो आहे असं कुणाला वाटायचं. घर आवरण्याच्या बाबतीत ठाण्यापासून कल्याणपर्यंत तिच्या तोडीची बाई झाली नाही. इतर बायका आवरतात म्हणजे या फळीवरचं त्या फळीवर ठेवतात. मावशीने आवरलं की वस्तू उंबऱ्याबाहेर जायची. याला कारण तिचा चातुर्मास. लोक आषाढी एकादशीला कुणी कांदा सोडतात, कुणी वांगं, कुणी दूध. मावशी सामान सोडायची. दर सोमवारी घरातली एक वस्तू कुणाच्या तरी हातात द्यायची, आणि तीही खोल्यांच्या क्रमाने. आषाढात बाहेरची खोली, श्रावणात माजघर, भाद्रपदात स्वयंपाकघर आणि आश्विनात मागची अंधारी कोठी.

इथवर कुणालाही शहाणपणाचंच वाटेल. पण नेमात सोडायचं ते आवडीचं सोडायचं, यावर ती फार कडक होती. त्यामुळे तिच्या घरातून गेलं ते सगळं धडधाकट, आणि राहिलं ते सगळं मोडकं. पितळेचं घाटदार घंगाळ गेलं, गळकी बादली राहिली. शिसवी पाट गेले, मधोमध तडकलेला एक राहिला आणि त्यावर काका एका अंगावर रेलून जेवू लागले. काका कोर्टात कारकून होते. स्वभावाने इतके गरीब, की मांजर पाटावर बसलं तर स्वतः जमिनीवर बसत. तेसुद्धा एकदा न राहवून म्हणाले, "अगं, ती गळकी बादली दे की एखाद्या सोमवारी!"

"म्हणजे कारलं सोडून चातुर्मास केला म्हणायचं!" मावशी म्हणाली. "देवाला काय कळत नाही?"

देवाला कळत असो वा नसो, आळीला चांगलं कळत होतं. ज्येष्ठ सरत आला की शेजारच्या कर्णिककाकू सहज म्हणून येत आणि भिंतींवर, फडताळांवर नजर टाकीत. एकदा काकांचे साहेब ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून सहकुटुंब येणार होते आणि घरात बसायला धड काही नव्हतं. मी कर्णिकांकडे जाऊन आमच्याच खुर्च्या मागून आणल्या. काकू म्हणाल्या, "ने बाबा, पण दिवेलागणीच्या आत आणून दे हं. आणि तुमच्या मावशीला म्हणावं, पुसून पाठवा. गेल्या खेपेला शेवेचा चुरा होता."

या घरात मी मॅट्रिक झाल्यावर आलो. मुरबाडच्या पलीकडचे आम्ही. आमच्या घराण्यात पुस्तक उघडलेला मी पहिला. वडिलांनी मला वळकटीसकट दारात आणून उभं केलं, आणि मूलबाळ नसलेल्या मावशीने काही न विचारता मला कोठीची खोली दिली. तिथेच मी अभ्यास केला, तिथूनच मुंबईच्या कॉलेजात गेलो. हे घर सुटलं असतं तर शिक्षण सुटलं असतं. म्हणून आश्विन लागला की मी कोठीत अंग चोरून वावरायचो. मावशी कोठीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची, नजर डब्यांवरून, कंदिलावरून, माझ्या टेबलावरून फिरत शेवटी माझ्यावर यायची, आणि मी तिचा आवडता नसावा अशी मनोमन प्रार्थना करायचो.

काकांनी मला यातली युक्ती शिकवली. त्यांचा जीव होता आरामखुर्चीवर. म्हणून दर आषाढात ते कण्हत. "काय मेली खुर्ची! पाठ मोडली माझी." मावशी म्हणायची, "मग राहू दे. असली कुणाला द्यायची?" खुर्ची वाचायची. पुढे मीही टेबलाला शिव्या देऊ लागलो. टेबल डुगडुगतं, खिळे टोचतात, शाई पितं. टेबल वाचलं आणि मी बी. ए. झालो.

त्याच वर्षी आश्विनात कराडकडच्या एका हायस्कुलातून मास्तरकीसाठी बोलावणं आलं. नोकरी चांगली होती, पण या दोघांना टाकून जायला मन घेईना. मुंबईत एखादी कारकुनी मिळेल, असं मी पुटपुटलो. काकांनी लगेच बाजू घेतली, पण त्यांच्या पद्धतीने. जेवताना भात कालवत म्हणाले, "या वासूत आवडण्यासारखं आहे तरी काय? आमटी भुरकतो. घोरतो. टॉवेल वाळत घालताना कधी पिळत नाही. असलं ध्यान कुणाला द्यायचं?"

मावशीने वाढता हात थांबवला. "अहो, खुर्चीचं मला पहिल्या वर्षीच कळलं होतं," ती म्हणाली. "तुमच्यासाठी देवाशी लबाडी केली, ती केली. याच्या बाबतीत नाही करायची." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वासू, सोमवारी सकाळची गाडी आहे. ताक घेतोस का अजून?"

सोमवारी तिने माझी वळकटी स्वतः बांधली. काका आरामखुर्चीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. पान काही उलटत नव्हतं. दिवाळीनंतर मी कराडहून तिला पत्र लिहिलं, ते असं:

"तीर्थरूप मावशीस वासूचा साष्टांग नमस्कार. दिवाळीला आईकडे गेलो होतो. कल्याणला उतरलो आणि स्टेशनाबाहेरूनच मुरबाडची मोटार धरली. तुमच्या आळीकडे मान वळवली नाही, कारण आलो असतो तर तुझा नेम मोडला असता. इथे मुलं बरी आहेत, मला सर म्हणतात. दिलेली वस्तू तू परत मागत नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून मीच विचारतो. चातुर्मासात वांगं सोडलेली माणसं कार्तिकी एकादशी झाली की ते पुन्हा खातात. त्या हिशेबाने मी द्वादशीला सकाळी येतो आहे. चालेल ना?"